गारगोटीची धूळ आणि एक साधा प्रश्न

आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक शिक्षकांचे पहिले अक्षर पाटीवर उमटले. पाटी, पाटी पुसायचे ओले फडके आणि करड्या रंगाची पेन्सिल हे शाळेचे पहिले साहित्य. पेन्सिल बोथट झाली की फरशीवर घासायची, तुटली की तुकडा मित्राला द्यायचा, आणि कोणी बघत नसले तर थोडी खायचीही! त्या वेळी एक प्रश्न मात्र आपल्याला कधी पडला नाही, की ही पेन्सिल बनते कुठे आणि बनवते कोण?

देशातल्या पाटीवरच्या पेन्सिलींचे एक मोठे केंद्र म्हणजे मध्य प्रदेशातला मंदसौर जिल्हा. तिथे जमिनीतून थराथराचा दगड काढतात आणि फिरत्या करवतीवर त्याच्या कांड्या कापतात. करवत दगडाला लागली की पांढुरकी धूळ उडते. करवतीपुढे बसलेल्या माणसाच्या नाकातोंडात ती दिवसभर जात राहते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा 593 कामगारांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस हा रोग आढळला. हे कामगार वयाने म्हातारे नव्हते. बरेचसे ऐन तारुण्यातले होते.

सिलिकोसिस म्हणजे काय, तो होतो कसा आणि तो ओळखणे इतके अवघड का, हे आपण या लेखात पाहू. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहायची आहे. ज्यांच्याकडे ना पैसा, ना शिक्षण, ना साधे हजेरीपटावर नाव, अशा माणसांनी ‘आम्हाला झालेल्या रोगाचे खरे नाव सांगा’ असा आग्रह धरला. तेव्हा काय घडले, तेही समजून घेऊ.

सगळी धूळ सारखी नसते

रस्त्यावरची धूळ, पिठाच्या गिरणीतली धूळ, फळ्यावरच्या खडूची धूळ. आपण सगळ्यांना एकच नाव देतो. पण फुप्फुसाच्या दृष्टीने त्यांच्यात फार फरक आहे. दोन गोष्टी पाहाव्या लागतात. धूळ कशाची आहे आणि तिचे कण किती बारीक आहेत?

आधी ‘कशाची’ ते पाहू. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉन ही दोन मूलद्रव्ये सर्वांत जास्त आहेत. त्यांचे संयुग म्हणजे सिलिका, आणि सिलिकेचे नेहमी आढळणारे स्फटिकरूप म्हणजे क्वार्ट्झ. आपल्याकडे लहान मुले अंधारात एकमेकांवर घासून ठिणग्या पाडतात ती गारगोटी म्हणजे हेच. वाळूचा दगड आणि क्वार्ट्झाइट यांत सिलिका भरपूर असते. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, याच्यात मोकळी सिलिका फारच थोडी असते. फळ्यावरचा खडू हा जिप्समचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याच्या धुळीने शिंका येतील, घसा खवखवेल, पण सिलिकोसिस होणार नाही. तेवढ्यापुरते शिक्षकांनी निर्धास्त असावे!

आता ‘किती बारीक’ हा प्रश्न. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोठे कण नाकातल्या केसांत आणि श्वासनलिकेतल्या चिकट द्रवात अडकतात आणि शिंकेवाटे, खोकल्यावाटे बाहेर पडतात. सुमारे 5 मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र ही सारी नाकी चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. वायुकोश म्हणजे श्वासनलिकेच्या शेवटच्या फांद्यांना असलेले इवलेसे फुगे. रक्तात ऑक्सिजन जाण्याची जागा तीच.

एक गणित करून पाहा. एक मिलिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा गारगोटीचा कण घ्या. तो दळून 2 मायक्रॉन बाजूचे घन केले, तर प्रत्येक बाजूला 500 तुकडे होतील. म्हणजे एकूण तुकडे 500 × 500 × 500, बारा कोटी पन्नास लाख! चिमटीत जेमतेम येणाऱ्या एका कणातून इतके कण हवेत जातात. आणि ते लवकर खाली बसत नाहीत. 2 मायक्रॉनचा कण अगदी स्तब्ध हवेतही दीड मीटर खाली यायला तासाहून अधिक वेळ घेतो. कारखान्यातली हवा स्तब्ध नसतेच. यंत्र थांबले, डोळ्यांना धूळ दिसेनाशी झाली, तरी श्वासात ती असतेच. सर्वांत घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही, हे इथे लक्षात ठेवायचे.

फुप्फुसात काय घडते?

वायुकोशांत स्वच्छता ठेवण्याचे काम भक्षक पेशी करतात. बाहेरचा जंतू किंवा कण दिसला की त्या त्याला गिळतात आणि पचवतात. गारगोटीचा कण त्या गिळतात खऱ्या, पण पचवू शकत नाहीत. उलट त्या कणामुळे पेशीच फुटते. फुटताना तिच्यातली दाहक द्रव्ये आजूबाजूला सांडतात आणि गिळलेला कण पुन्हा मोकळा होतो. मग त्याला दुसरी पेशी गिळते आणि तीही मरते. हे चक्र चालूच राहते.

जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो, हे आपण पाहतो. तसाच वण या प्रत्येक दाहाच्या जागी फुप्फुसात तयार होतो. असे वण वाढत जाऊन त्यांच्या गाठी होतात. स्पंजासारखे मऊ, लवचीक फुप्फुस हळूहळू ताठर होते. मग जिना चढताना, नंतर चार पावले चालताना आणि शेवटी नुसते बसूनही धाप लागते.

या रोगाच्या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली, तो बरा करणारे औषध नाही. दुसरी, काम सोडले तरी तो थांबेलच असे नाही, कारण कण आतच असतात आणि चक्र चालू राहते. तिसरी, रोग होण्याचा काळ धुळीच्या प्रमाणावर ठरतो. धूळ बेताची असेल तर रोग दिसायला दहा-वीस वर्षे लागतात. फार दाट धूळ असेल तर काही महिने ते दोन-चार वर्षेही पुरतात.

क्षय की सिलिकोसिस?

खोकला, वजन घटणे, धाप, छातीत दुखणे ही लक्षणे सांगितली की आपल्या मनात पहिले नाव कोणते येते? क्षय. डॉक्टरांच्याही मनात तेच येते. क्ष-किरण चित्रात दोन्ही रोगांत बऱ्याचदा फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतात. त्यात आणखी गुंतागुंत अशी, की सिलिकेमुळे भक्षक पेशी दुबळ्या झाल्याने या रुग्णांना क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे कोणाला फक्त क्षय, कोणाला फक्त सिलिकोसिस, तर कोणाला दोन्ही.

मग फरक ओळखायचा कसा? थुंकीत क्षयाचे जंतू सापडतात का, क्षयाच्या औषधांनी गुण येतो का, क्ष-किरण चित्रातल्या गाठी कशा आहेत, हे पाहता येते. पण निदानाचा सर्वांत महत्त्वाचा धागा कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. तो एका प्रश्नातून मिळतो : ‘तुम्ही काम काय करता? पूर्वी काय करत होता?’

हा प्रश्न नवा नाही. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्ये कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. दगड फोडणाऱ्यांच्या रोगांचाही त्यात विचार आहे. रुग्णाला वैद्याने जे प्रश्न विचारायचे, त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घाला, असे त्यांनी सांगितले. तीनशे वर्षे उलटून गेली, तरी गर्दीच्या दवाखान्यात हा प्रश्न अनेकदा विचारायचा राहून जातो.

त्याने काय बिघडते? बरेच काही. क्षय जंतूंमुळे होतो, त्यामुळे त्यासाठी कोणा एकाला जबाबदार धरता येत नाही. नशीब, दारिद्र्य, दारू-बिडी यांच्यावर बोट ठेवून माणसे गप्प बसतात. सिलिकोसिसचे तसे नाही. तो कामाच्या जागी घेतलेल्या धुळीशिवाय सहसा होत नाही. धूळ आली म्हणजे कारखाना आला, कारखाना आला म्हणजे मालक आला, आणि तपासणी न करणारे सरकारी खातेही आले. रोगाचे नाव बदलले की जबाबदारीही बदलते. म्हणून या रोगाचे खरे नाव कागदावर येणे हाच आरोग्याच्या हक्काचा पहिला टप्पा ठरतो.

नर्मदेपलीकडची गावे

आता आपण मंदसौर सोडून थोडे दक्षिणेकडे येऊ. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरांतून नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेशातला अलिराजपूर जिल्हा लागतो. 2008 पर्यंत तो झाबुआ जिल्ह्याचाच भाग होता. इथली वस्ती मुख्यतः भिल्ल आणि भिलाला आदिवासींची. डोंगरउताराची थोडी शेती, एकच पावसाळी पीक. पाऊस हुकला की पोट भरायला गुजरातेत जायचे, हे ठरलेलेच.

गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोर भागात गारगोटी दळण्याचे कारखाने होते. ही पूड काच बनवायला आणि इतर उद्योगांना लागते. अलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले तरुण स्त्री-पुरुष तिथे कामाला जात. दगड यंत्रात टाकायचे, पूड पोत्यांत भरायची, पोती उचलायची. तोंडाला फार तर फडके बांधलेले. पण फडक्याच्या दोन धाग्यांमधले अंतर या कणांच्या मानाने दरवाजाएवढे असते!

धूळ इतकी दाट होती, की काही महिने किंवा एक-दोन वर्षे काम केलेले लोकही आजारी पडून गावी परतू लागले. क्षयाची औषधे सुरू व्हायची, गुण यायचा नाही. उपचारासाठी बैल आणि दागिने विकायचे, कर्ज काढायचे. एकाच घरातली दोन-तीन तरुण माणसे एकामागून एक जाऊ लागली. मागे राहिली म्हातारी माणसे आणि पोरकी मुले.

इथे गावकऱ्यांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संघटनांनी जे केले, ते विज्ञानशिक्षकांनी बारकाईने पाहावे असे आहे. अलिराजपूर भागात ‘खेडूत मजदूर चेतना संगठन’ ही आदिवासींची संघटना आधीपासून होती. पुढे रुग्णांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा ‘सिलिकोसिस पीडित संघ’ उभा राहिला. नुसता आक्रोश करून भागणार नव्हते. ‘हे लोक आमच्याकडे कामाला होते याला पुरावा काय?’ असा प्रश्न समोरून येणार, हे उघड होते. हजेरीपटावर नाव नाही, ओळखपत्र नाही, पगाराची पावती नाही. मग घरोघर जाऊन याद्या केल्या. कोण गेले होते, कोणत्या कारखान्यात, किती दिवस, काय काम केले, आजार केव्हा सुरू झाला, कोण वारले, कोण अंथरुणावर आहे. क्ष-किरण चित्रे आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवले.

ही यादी म्हणजे शास्त्रीय निरीक्षणच आहे. तिच्यामागचा तर्क पाहा. एकाच गावातली माणसे, तेच पाणी, तेच अन्न, तेच दारिद्र्य. त्यांतल्या कारखान्यात गेलेल्यांना आजार होतो आणि न गेलेल्यांना होत नाही, असे दिसले तर कारण कुठे शोधायचे? आपण प्रयोगशाळेत दोन कुंड्यांपैकी एकीला खत देतो, दुसरीला देत नाही. तोच हा तुलनेचा विचार. जास्त काळ काम केलेल्यांचे प्रमाण वेगळे काढले की पुरावा आणखी बळकट होतो. अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या आठवणीतून अशी माहिती उभी राहू शकते. फक्त ती नीट विचारावी आणि नीट लिहून ठेवावी लागते.

कागद दिल्लीला पोचतो

2006 मध्ये एका संस्थेने सिलिकोसिसच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. अलिराजपूर-झाबुआचा प्रश्नही तिथे आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे गेला. आयोगाने 2010 मध्ये शिफारस केली, की मृत्यू पावलेल्या 238 कामगारांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत आणि हयात असलेल्या रुग्णांचे पुनर्वसन मध्य प्रदेश सरकारने करावे. शिफारस झाली, पैसे मात्र हातात आले नाहीत. अखेर मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई देण्याचा आदेश दिला. शिफारशीपासून आदेशापर्यंत जवळजवळ सहा वर्षे गेली. ज्या रोगात माणूस वर्षे मोजत नाही, श्वास मोजतो, त्यात सहा वर्षे म्हणजे किती, याचा विचार आपणच करावा.

कायदे नव्हते असे नाही. 1948 च्या कारखाना कायद्यातच सिलिकोसिस हा ‘कळवणे बंधनकारक’ अशा रोगांच्या यादीत होता. म्हणजे असा रुग्ण आढळला तर डॉक्टरांनी आणि व्यवस्थापकांनी सरकारला कळवलेच पाहिजे. कामगार-सुरक्षेच्या 2020 च्या संहितेतल्या यादीतही तो आहे. 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रश्न होता तो कायदा आणि माणूस यांच्यामधल्या अंतराचा. ज्याच्या रोगाला क्षय म्हटले गेले आणि ज्याचे नाव हजेरीपटावर नव्हते, त्याला या कायद्यांचा उपयोग काय? ते अंतर गावागावांतल्या याद्यांनी कमी केले.

अशीच खटपट राजस्थानातही झाली. तिथे वाळूच्या दगडाच्या खाणी आणि दगडावर कोरीवकाम करणारे कारागीर पुष्कळ. खाणकामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्यानंतर 2019 मध्ये त्या राज्याने धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगांविषयी स्वतंत्र धोरण आणले. त्यात रोगाचे प्रमाणपत्र मिळताच रुग्णाला 3 लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख रुपये अशी तरतूद केली. माणूस जिवंत असताना मदत मिळण्याला इथे महत्त्व दिले गेले, ही जमेची बाजू.

पैशापेक्षा महत्त्वाचे

भरपाई मिळाली म्हणून श्वास परत येत नाही. औषध नसलेल्या रोगावर खरा उपाय एकच, तो होऊ न देणे. आणि तो अजिबात कठीण नाही. दगड कापताना, छिद्र पाडताना पाण्याची धार सोडली तर बरीच धूळ जागीच बसते. दळण्याचे यंत्र बंदिस्त करता येते. धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारा पंखा आणि नळी बसवता येते. तोंडावरचा योग्य मुखवटा हा त्यानंतरचा, सगळ्यांत शेवटचा उपाय. आपल्याकडे मात्र बहुधा उलटे होते. यंत्र तसेच राहते आणि कामगाराला सांगतात, ‘तोंडाला फडके बांध.’

आणखी एक उपाय कारखान्याच्या बाहेरचा आहे. गावाजवळ काम मिळाले, बांधबंदिस्ती झाली, विहिरीला पाणी राहिले, तर इतक्या धोक्याच्या कामावर कोणी कशाला जाईल? आरोग्याचा हक्क दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही. तो पोट भरण्याच्या हक्कापासून सुरू होतो.

वर्गात काय करता येईल?

या विषयासाठी वेगळा तास लागत नाही. सकाळी खिडकीतून कवडसा आला की मुलांना तो दाखवा. त्यातले तरंगणारे कण मोजायला सांगा. कवडसा सरकला की कण दिसेनासे होतात, पण जातात का? या एका प्रश्नावर चांगली चर्चा होते. वर दिलेले घनाचे गणित सहावी-सातवीच्या मुलांना सहज जमेल. पुढची पायरी म्हणून, तुकडे केल्यावर पृष्ठफळ किती पट वाढते तेही काढायला सांगा. (उत्तर : 500 पट.) दगडाची किंवा वाळूची पूड उडवून मात्र कोणताही प्रयोग करू नये.

मोठ्या मुलांना आपल्या परिसरातल्या कामांची यादी करायला सांगा. दगडखाण, खडी केंद्र, वीटभट्टी, कोल्हापूरकडे ओतकामाचे कारखाने, कापसाची जिनिंग, पिठाची गिरणी. प्रत्येक कामात कशाची धूळ उडते, तिथे पाण्याचा किंवा पंख्याचा उपयोग करतात का, काम करणाऱ्याला त्याचे नाव लिहिलेला एखादा कागद मिळतो का, एवढे तीन प्रश्न पुरेत. आपल्या वर्गात अशी कामे करणाऱ्या घरांतली मुले असतील. कोणाला ओशाळे वाटणार नाही, उलट त्यांच्या घरच्या माणसांचे ज्ञान वर्गाच्या उपयोगी पडते आहे असे वाटेल, अशा रीतीने हे करावे.

आणि एखाद्या पालकाचा खोकला महिनोन्महिने हटत नाही, क्षयाच्या गोळ्यांनी गुण येत नाही असे कानावर आले, तर एक काम शिक्षक नक्की करू शकतो. एका कागदावर त्यांच्याकडून विचारून लिहून द्यायचे : कोणते काम, कोणत्या गावी, किती महिने, धूळ कशाची. दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्यायला सांगायचे. डॉक्टरांना विचारायला सवड झाली नाही, तरी उत्तर त्यांच्या टेबलावर पोचलेले असेल.